कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"स्लो झालाय ना? फॉरमॅट मारून टाक." दुखणं कुठलंही असो, आपल्याकडे औषध हे एकच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा डेस्कटॉप वर्षभरात दोनदा फॉरमॅट झाला. दोन्ही वेळा आठवडाभर बरा चालला आणि मग परत रडायला लागला. बटण दाबून काका चहा ठेवायचे, चहा पिऊन व्हायचा, तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंच असायचं.

मी जाऊन आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू म्हणजे प्रोसेसर ९ टक्के, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० टक्के, तीही सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबीचं काम करताना. हे न बघताच मशीन दोनदा पुसलं गेलं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवलं. म्हणजे हार्ड डिस्कचे काही सेक्टर, माहिती साठवायचे कप्पे, निकामी झालेले. विंडोज कितीही नव्याने टाका, चालणार त्याच आजारी डिस्कवर.

अशी डिस्क सापडली की पहिलं काम फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायचं. इथे लोक हमखास उलटं करतात: डीफ्रॅग लावतात (विखुरलेले फाइलींचे तुकडे जुळवणं), चेकडिस्क चालवतात (डिस्कच्या चुका शोधणारा प्रोग्रॅम), रात्रभर दुरुस्ती करत बसतात. मरणाला टेकलेल्या डिस्कला पळवायचं नसतं. कॉपी आधी, बाकी सगळं नंतर.

आणि फॉरमॅट करायचाच असेल, तर "माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, डी ड्राइव्हला हात लावू नका" हे वाक्य बोलण्याआधी थांबा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात, ते पुसले जाणार. काका सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्या फॉरमॅटमध्ये फाइल्स वाचल्या, पण जुने मराठी फॉन्ट गेले. युनिकोड या आजच्या अक्षर-पद्धतीच्या आधीच्या पद्धतीने टाइप केलेल्या सगळ्या नोटिसा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर आल्या. काकांना वाटलं व्हायरस. फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

शेवटी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई एका जागेवरून दुसरीकडे धावते. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइल्स सेकंदाला शंभर-दीडशे वाचता वाचताच तिचा जीव जातो. एसएसडीत हलणारं काहीच नाही, ती हजारो वाचते. आता काकांचा चहा उकळायच्या आत कॉम्प्युटर तयार असतो. फक्त एसएसडीला डीफ्रॅग करायला जाऊ नका. तिची निगा विंडोज स्वतः राखतं.

डिस्क ठीक आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर दुखणं रॅमचं, म्हणजे त्याच मेमरीचं. ४ जीबीवर क्रोमच्या वीस टॅब उघडायच्या आणि कॉम्प्युटरला शिव्या द्यायच्या, हे बरं नव्हे.

"रोज बंद करतो हो" असं सांगणाऱ्यांचं मशीन टास्क मॅनेजरमधल्या 'अप टाइम'मध्ये बरेचदा पंधरा-वीस दिवस चालू दिसतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात हवी तर रीस्टार्टच करायचं. विचित्र वागणाऱ्या प्रिंटरलाही आधी हाच उपाय.

क्लीनर, बूस्टर, रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम टाकू नका. त्यांनी माझ्या पाहण्यात एकही मशीन पळालेलं नाही. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणं म्हणजे एका दारावर दोन वॉचमन, आणि दोघंही एकमेकांचीच झडती घेतायत. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या वापराला पुरतो. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' अशी खिडकी भोंग्यासकट आली, तर फोन करायचा नाही आणि कुणालाही रिमोटने आत घ्यायचं नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पंखा घुरघुरतोय आणि अर्ध्या तासाने सगळं मंदावतंय? धूळ. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. प्लग काढा, ब्लोअर मारा, मात्र पंख्याची पाती बोटाने धरून. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

पावसाळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे लाइट लागतो, बीप वाजतो, स्क्रीन काळी. लगेच मदरबोर्ड गेला म्हणून घाबरू नका. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके पुसा, कोरड्या ब्रशने झटका आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. ओलं फडकं, पॉलिश पेपर वगैरे प्रयोग नकोत.

एक गंमत सांगतो. एका ओळखीच्यांच्या घरी बँकेची साइट उघडेना, ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणे. नेटवाल्याला दोनदा बोलावून झालं होतं. मी कोपऱ्यातली तारीख बघितली, तर ती कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला वैध वाटत नाही. नवा सेल घातला, तारीख लावली, साइट उघडली.

यातलं काही जमत नसेल तर खुशाल दुकानात द्या. डिस्क बदलली असेल तर जुनी मात्र परत मागून घ्या. ती 'खराब' असली तरी तिच्यावर तुमच्या आधार-पॅनचे स्कॅन अजून तसेच असू शकतात.