फ्लॉवर गर्लचा गाऊन घेताय? या चुका टाळा

वसईत काय, गोव्यात काय, ख्रिस्ती लग्न ठरलं की नवरीच्या गाऊनपाठोपाठ विषय निघतो फ्लॉवर गर्लचा, म्हणजे नवरीपुढे फुलांची बास्केट घेऊन चालणाऱ्या छोट्या मुलीचा. चार-पाच वर्षांची भाची किंवा पुतणी असते, घरातल्या बायका मोबाईलवर फोटो पाहून गाऊन पसंत करतात आणि फसतात. फोटोतली मुलगी नुसती उभी असते. आपलीला चर्चमध्ये चालायचंय, अख्खा मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, बसायचंय आणि संध्याकाळी ग्रँड मार्चमध्ये, म्हणजे हॉलमधल्या नवरा-नवरीच्या मिरवणुकीत, पुन्हा मिरवायचंय.

सगळ्यात जास्त घोळ लांबीचा होतो. जमिनीला टेकणारा घेर समोरून पायात येतो. मोठी बाई तो चिमटीत उचलून चालते, पण या पोरीच्या हातात बास्केट असते. गाऊन घोट्याच्या वरच ठेवा. माप घेताना तिला लग्नात घालायचे तेच बूट घाला आणि आत कॅनकॅनही (घेर फुलवणारा कडक नेटचा परकर) असू द्या, कारण कॅनकॅनने घेर फुलतो आणि खालची कड वर जाते. ऑनलाइन घेताना ‘वय ५-६’ एवढ्यावर विसंबू नका. छाती, कंबर आणि खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची टेपने मोजा. शिवून घेत असाल तर बाजूच्या शिवणीत इंचभर माया आणि खाली मोठी दुमड ठेवायला सांगा. लग्न दोन-तीन महिन्यांवर असेल तर पोर तेवढ्यात वाढते.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, तर फर्स्ट कम्युनियनचा (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीचा) पांढरा गाऊन आधी कपाटातून काढून पाहा. कमरेला रंगीत सॅटिनचा पट्टा बांधला की काम झालं. माझ्या मते नवा घेण्याची गरजच नाही.

दुसरी तक्रार टोचण्याची. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सहसा लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर मेपर्यंत गर्दी असते आणि तेव्हाच घामाच्या धारा लागतात. गाऊन उलटा करून कमरेची शिवण, जिथे नेट जोडलेली असते ती, स्वतःच्या मानेवर घासून बघा. तुम्हाला टोचली तर तिला टोचणारच. तिथे मऊ सुती पट्टी आतून टाचून घ्या आणि खाली सुती शमीज घाला. काखेजवळ टिकल्या नकोतच. नेट बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते. पेटली तर वितळून अंगाला चिकटते. म्हणून मुलीच्या हाती पेटती मेणबत्ती देऊ नका आणि वेदीजवळच्या मेणबत्त्यांपासून तिला लांब उभी करा.

रंगाची गंमत वेगळीच. नवरीचा गाऊन ऑफ-व्हाइट आणि पोरीचा निळसर पांढरा असेल, तर शेजारी उभ्या राहिल्यावर नवरीचाच मळका दिसतो! नवरीच्या कापडाचा तुकडा घेऊन जा आणि दुकानाबाहेर, उजेडात जुळवा.

नवे बूट गुळगुळीत फरशीवर घसरतात. बुटांच्या तळांवर पॉलिश पेपर घासा आणि आधी काही दिवस घरात घालायला लावा. टियारा कानामागे रुतत असेल तर हट्ट सोडा. अबोलीचा गजरा हलका असतो आणि टिकतोही. ताज्या फुलांचा मुकुट केला तर तारेची टोकं टेपने गुंडाळली आहेत ना, हे बोट फिरवून बघा.

पाकळ्यांचं फादरना आधीच विचारून घ्या. काही चर्चमध्ये आत पाकळ्या उधळू देत नाहीत, आणि हे ऐन दारात कळलं तर पोर रडते. तसं असेल तर बास्केटमध्ये फुलांचा छोटा गुच्छ द्या. परवानगी असेल तर पाकळ्या कोरड्या घ्या, ओल्यांवरून पाय घसरतो. लाल गुलाबाच्या पाकळ्या पांढऱ्या कापडावर चुरगळल्या तर डाग सोडतात, तेव्हा फिकट रंगाच्या बऱ्या.

दारात ऐन वेळी पोर अडून बसली, तर पेज बॉयचा, म्हणजे नवरीसोबत चालणाऱ्या छोट्या मुलाचा, हात धरून पाठवा. तरीही नाही म्हणाली तर आईजवळ बसू द्या, मिस्सा काही थांबत नाही. आणि हॉलमध्ये ग्रँड मार्च आटोपला की जेवणाआधी तिला साधा सुती फ्रॉक घाला. गाऊन भाड्याचा असेल तर सोरपोतेलच्या (डुकराच्या मटणाच्या मसालेदार रश्श्याच्या) एका डागात डिपॉझिट जातं.