टकटक करणाऱ्या डिस्कमधून डेटा काढताना

हार्ड डिस्क रुसली की बहुतेक जण ती पुन्हा पुन्हा लावून बघतात. केबल बदलतात, शेजारच्याच्या लॅपटॉपला जोडतात आणि विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ विचारलं की वैतागून ‘हो’ दाबतात. बिघडलेली डिस्क अजून किती वेळ वाचू देईल याचा भरवसा नसतो. म्हणून जो वेळ मिळेल त्यात संपूर्ण डिस्कची एक प्रत काढून घ्यायची. फाइली शोधायच्या त्या नंतर, त्या प्रतीवर. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं ‘चेकडिस्क’ मूळ डिस्कवर अजिबात चालवू नका. ते फाइल सिस्टिम जुळवायच्या नादात त्याच डिस्कवर लिहितं.

आधी कान द्या

डिस्क एकदाच चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद ऐका.

ठरावीक लयीत टकटक येत असेल तर हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, बहुधा गेलं आहे. प्लग काढा. पुढे फिरू दिलं तर तुटकं हेड प्लॅटर, म्हणजे डेटा साठवणारी चकती, खरवडतं, आणि खरवडलेल्या जागेवरचा डेटा कोणालाच परत आणता येत नाही. अडीच इंची डिस्क बारीक घूंऽऽ किंवा बीप करून थांबत असेल, तर हेड प्लॅटरला चिकटलं आहे किंवा मोटर जाम आहे. तीही घरी सुटत नाही. हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, त्यामुळे धुळीचा कणही घातक ठरतो, झाकण उघडून बघायचा मोह टाळा. फ्रीझरचा उपाय अजूनही आग्रहाने सांगितला जातो, पण बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं आणि दुखणं वाढतं.

साडेतीन इंची डिस्क अगदीच गप्प असेल तर मात्र आशा आहे. १२ व्होल्टच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला, की डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. असे सहसा दोन डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या लाइनवर आणि एक १२ च्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा. शॉर्ट झालेला डायोड काढला की डिस्क पुष्कळदा फिरते. हे काम पुण्याच्या तापकीर गल्लीत बारीक सोल्डरिंग करणारा कारागीर करून देईल. डायोडशिवाय संरक्षण उरत नाही, म्हणून चांगल्या अडॅप्टरवर प्रत काढायची आणि डिस्क बाद करायची. दुसऱ्या डिस्कचा तसाच दिसणारा बोर्ड आणून लावल्याने सहसा काही होत नाही. त्या-त्या डिस्कची जुळणीची माहिती बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिपही हलवावी लागते.

डिस्क फिरते, दिसते, पण फाइल उघडताना अडकते? मग आधी ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींतले आकडे वाढलेले असतील तर सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, खराब होत आहेत. फक्त १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो.

प्रत काढणे

खराब सेक्टरच्या डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ (ddrescue) हा प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. ‘सिस्टमरेस्क्यू’ या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की ते तयार मिळतं, आणि हे लिनक्स डिस्क आपोआप माउंट करत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही, हा मोठा फायदा. १ टीबीच्या डिस्कसाठी २ टीबीची मोकळी डिस्क घ्या. ती एफएटी ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

आज्ञेत क्रम असा: खराब डिस्क, मग इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत जिच्यात उतरते ती), शेवटी मॅप फाइल (कामाची नोंद). खराब डिस्क कोणती हे अंदाजाने ठरवू नका. ‘एलएसबीएलके’ (lsblk) या आज्ञेने सीरियल नंबर बघून स्टिकरशी ताडा. डिस्कवरून थेट डिस्कवर ‘फोर्स’ लावून प्रत काढताना क्रम उलटा झाला, तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर बसते. म्हणून इमेज फाइलच बरी.

पहिली फेरी ‘एन’ (-n) पर्याय लावून करा. त्यात सहज वाचता येणारा भाग आधी उतरतो आणि कठीण तुकडे मागे राहतात. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढा, ‘आर ३’ (-r3) लावा, म्हणजे उरलेल्या तुकड्यांवर तीन प्रयत्न होतात. कुठवर आलो हे मॅप फाइल लक्षात ठेवते, म्हणून ती इमेजशेजारीच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर वीज गेली की तीही गेली. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊ शकते, तेव्हा यूपीएस नसेल तर बुधवारी रात्री हे काम काढू नका.

निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबी पावणेतीन तासांत देते. आजारी डिस्कला दिवसही लागतात. एप्रिल-मेमध्ये तिच्यावर पंखा सोडा. तापमान ५५ अंशांच्या वर गेलं तर थांबवा आणि निवल्यावर त्याच मॅप फाइलवरून पुढे चालू करा. मध्येच टकटक सुरू झाली तर हट्ट सोडा.

इमेज हातात आली की तिची आणखी एक प्रत करा आणि तिच्यावर ‘टेस्टडिस्क’ हा पार्टिशन शोधणारा प्रोग्राम चालवा. हरवलेलं पार्टिशन सापडलं तर फोल्डर आणि नावं शाबूत मिळतात. ते जमलं नाही तर ‘फोटोरेक’. ते फाइलीच्या खुणा शोधतं, नावं मिळत नाहीत आणि तुकड्यांत लिहिलेल्या फाइली नीट जुळत नाहीत. लग्नाचे फोटो येतात, व्हिडिओ मात्र निम्मे उघडत नाहीत, ते यामुळेच.

एसएसडी, कुलूप आणि पाणी

एसएसडीवरून फाइल पुसली की विंडोज लगेच ‘ट्रिम’ची, म्हणजे ती जागा मोकळी झाल्याची, आज्ञा देतं आणि डिस्क ती जागा आतून साफ करते. तेव्हा वीज ताबडतोब तोडणं एवढंच हातात असतं, आणि तेही बऱ्याचदा उशिरा होतं. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा, मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहा. तिच्याशिवाय उत्तम इमेजही निरुपयोगी. डब्ल्यूडीच्या अनेक माय पासपोर्ट डिस्कमध्ये यूएसबी थेट बोर्डावर असते आणि डेटा तिथेच एन्क्रिप्ट होतो, त्यामुळे केसिंग फोडून काही साधत नाही.

२५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पुरात भिजलेली डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. गाळ प्लॅटरवर वाळून बसतो. ओलसर कापडात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि तशीच डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये न्या.

लॅबमध्ये देताना

क्लीन बेंच (डिस्क उघडायची धूळमुक्त जागा) आहे का, पीसी-३००० सारखं डेटा काढायचं साधन आहे का, डोनर डिस्कचे (सुटे भाग काढायला घेतलेल्या तशाच डिस्कचे) पैसे वेगळे का आणि डेटा न मिळाल्यास शुल्क किती, हे लेखी घ्या. पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. डिस्क आधी कोणी उघडली असेल तर लपवू नका. त्यावरच पहिली पायरी ठरते. पैसे देण्याआधी फाइलींची यादी मागा आणि टॅलीचा डेटा, फोटो, व्हिडिओ यातल्या प्रत्येक प्रकारच्या चार-पाच फाइली तिथेच उघडून बघा. यादीत नाव दिसलं म्हणजे फाइल उघडेलच असं नसतं.