हिवाळ्यासाठी घरचा जलतरण तलाव बंद करताना

नाशिकजवळ निफाडला पारा कधी ५ अंशांखाली उतरतो, तरी तलावाचे पाणी गोठत नाही. त्यामुळे थंड देशांतल्याप्रमाणे नळ्या रिकाम्या करण्याची गरज नसते. तलाव तर मुळीच रिकामा करू नये, कारण पावसाळ्यानंतर भूजलपातळी वर असल्यास तिच्या दाबाने तळाला तडे जाऊ शकतात. आधी तळातील गाळ काढून फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा, पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) ७.२ ते ७.६ दरम्यान आणावा, मग सूर्यास्तानंतर क्लोरीनची जादा मात्रा देऊन पंप रात्रभर चालवावा. उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होते. क्लोरीनची पातळी उतरल्यावर आच्छादन ताणून बांधावे. घरात लहान मुले असतील तर ते माणसाचा भार पेलणारेच हवे, येथे काटकसर करू नये. पुढेही पंप रोज थोडा वेळ चालवावा.