सोलापुरावरून पहाटेचे बलून उड्डाण
सोलापुरावरून गरम हवेच्या फुग्यातून उड्डाण करायचे असेल, तर हिवाळ्यातील कोरडी, शांत पहाट निवडावी. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उसळतात आणि फुगा सांभाळणे अवघड होते. वैमानिकाचा परवाना आणि होटगी रस्त्यावरील विमानतळामुळे लागणारी हवाई परवानगी यांची खात्री पैसे भरण्यापूर्वीच करून घ्यावी. कपडे सुती व अंगभर असावेत. डोक्यावरच्या बर्नरची धग चांगलीच जाणवते, त्यामुळे टोपी बरी.

प्रथम पंख्याने थंड हवा भरतात, मग प्रोपेनच्या ज्योतीने ती तापवली की जमिनीवर आडवे पसरलेले नायलॉनचे कापड हळूहळू उभे राहते. सांगितल्यावरच वेताच्या टोपलीत चढावे. फुग्याला सुकाणू नसते. वैमानिक उंची कमी-जास्त करून सोयीचा वारा शोधतो, तेव्हा सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला अगदी पायाखालीच यावा, असा हट्ट धरू नये.

उतरताना फोन खिशात ठेवून, गुडघे किंचित वाकवून आतील दोर घट्ट धरावा, कारण टेकताना टोपली कलंडू शकते. आपण होऊन बाहेर उडी मारू नये. एकाचे वजन कमी होताच फुगा पुन्हा उचलला जातो. शेतात ज्वारी उभी असेल, तर पीक न तुडवता बांधावरूनच बाहेर पडावे.