ऑफिसला जाण्यासाठी स्वस्त सिंगल-स्पीड सायकल घेताना या चुका टाळा

गिअरच्या सायकलवर चढ लागला किंवा वारा समोरून आला, तर स्वार त्या क्षणी गिअर बदलून मोकळा होतो. बिनगिअरच्या सायकलवर मात्र हा प्रश्न सायकल विकत घेतानाच कायमचा सोडवावा लागतो, आणि तरीही बहुतेक खरेदीदार फ्रेमचा रंग आणि हँडलचा आकार पाहून पैसे देतात. स्वस्त सिंगल-स्पीड ही रोजच्या कामासाठी उत्तम सायकल आहे. तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि त्यामुळे थोड्या पैशांत बरी चाके व बरे ब्रेक मिळू शकतात. निवड चुकली तर मात्र ती महिन्याभरात जिन्याखाली जाऊन पडते.

दाते न मोजता सायकल घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पुढच्या चेनव्हीलच्या (पॅडलजवळच्या दातेरी चक्राच्या) दात्यांना मागच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) दात्यांनी भागले, की पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. पुढे ४६ आणि मागे १६ दाते असतील तर हे गुणोत्तर सुमारे २.९ येते, पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर सुमारे २.४. ७०० × ३२ मापाच्या टायरचा परीघ साधारण २.१५ मीटर असतो, म्हणजे पहिल्या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे ६.२ मीटर पुढे जाते, तर दुसरीत सुमारे ५.३ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या लयीत पहिलीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आणि दुसरीचा २५ च्या आसपास येतो.

कागदावर पहिली सायकल सरस वाटते, परंतु ऑफिसच्या वाटेवर सिग्नल, चौक आणि गर्दी असते, पाठीवर किंवा कॅरिअरवर डबा व लॅपटॉप असतो, आणि प्रत्येक थांब्यानंतर सायकल शून्यापासून ओढावी लागते; गुणोत्तर जितके मोठे, तितके पॅडल जड. ही ओढाताण थेट गुडघ्यांवर येते. सपाट रस्त्यासाठी २.५ ते २.७ आणि चढउताराच्या रस्त्यासाठी त्याहून कमी गुणोत्तर ठेवावे, असे माझे मत आहे. चाचणी दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये. आपल्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ, किंवा तसाच एखादा, बॅगेसह आणि थांबलेल्या अवस्थेतून चढून पाहावा.

सायकल घेऊन झाली असेल आणि ती जड वाटत असेल, तर मागे दोन दाते जास्त असलेले फ्रीव्हील बसवणे हा स्वस्त उपाय आहे. त्यासाठी मागचे चाक फ्रेमच्या ज्या खाचेत बसते, तिथे ते थोडे पुढे सरकवावे लागते, आणि तेवढी जागा नसेल तर चेन लांब करावी लागते. नव्या फ्रीव्हीलचे दाते रुंद असतील तर गिअरच्या सायकलची अरुंद चेन त्यांवर बसत नाही, ही गोष्ट मेकॅनिकच्या हाती काम सोपवण्यापूर्वी पाहून घ्यावी.

मागच्या चाकाची खाच न पाहणे

मागच्या चाकाचा अॅक्सल (आस) ज्या खाचेत बसतो, ती आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअरची जुनी सायकल बिनगिअरची करून विकली जाते तेव्हा ही खाच बऱ्याचदा उभी असते. तिथे चाक मागेपुढे होत नाही, त्यामुळे चेन ताणून धरणारा वेगळा भाग, म्हणजे चेन टेन्शनर, लावावा लागतो. तो नसेल तर चेन सैल होत जाते आणि शेवटी पडू लागते.

चेनचा ताण तपासण्याची रीत सोपी आहे. दोन्ही चक्रांच्या मधोमध चेनला बोट लावून ती वरखाली हलवावी. एकूण हालचाल सुमारे १२ मिलिमीटर असावी. स्वस्त चेनव्हील क्वचितच अचूक गोल असते, म्हणून क्रँक (पॅडलचा दांडा) सावकाश फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथेच हे माप घ्यावे. फार ताठ चेन बेअरिंग झिजवते आणि पॅडल जड करते. ताण योग्य असूनही चेन पडत असेल, तर मागून वाकून पाहावे: चेनव्हील आणि फ्रीव्हील एका रेषेत नसतील तर चेन तिरकी धावते व करकरते.

जोर लावल्यावर टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासू लागला, तर उजव्या बाजूचा नट सैल आहे असे समजावे. चेनच्या ओढीने अॅक्सलचे उजवे टोक पुढे सरकते आणि चाक डावीकडे तिरपे होते.

ब्रेक आणि चाकांवर काटकसर

क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेकचे रबर नुसते घसरते. अॅल्युमिनियमची रिम या बाबतीत पुष्कळ चांगली. ओळखायला अवघड नाही. रिमला लहानसे चुंबक लावावे, चिकटले तर रिम पोलादी. दोन्ही ब्रेक असल्याशिवाय सायकल घेऊ नये, आणि मागचे हब (चाकाचा मधला भाग) दुहेरी असेल, म्हणजे एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला चाकाशी पक्के जोडलेले (फिक्स्ड) चक्र असेल, तर रोजच्या वापरासाठी फ्रीव्हीलचीच बाजू वापरावी. फिक्स्ड बाजूला पॅडल सतत फिरत राहते, आणि गर्दीत ती सवय जमवत बसण्यात अर्थ नाही.

२३ मिलिमीटरचे टायर चपळ दिसतात, पण खड्ड्यात ट्यूब रिमवर दाबली जाऊन पंक्चर होते. २८ ते ३२ मिलिमीटरचा टायर आणि त्यावर मडगार्ड बसेल एवढी मोकळी जागा फ्रेममध्ये, पुढच्या चाकाच्या चिमट्यात आणि ब्रेकखाली आहे का, तसेच मडगार्ड व कॅरिअर जोडण्याची भोके आहेत का, हे पाहावे.

जुनी सायकल वरवर तपासणे

हँडलखालच्या आडव्या व तिरक्या नळ्यांच्या सांध्यामागे बोट फिरवावे. तिथे रंगाला सुरकुती किंवा पत्र्याला फुगवटा जाणवला, तर सायकल समोरून आदळलेली आहे आणि ती सोडून द्यावी. चेनच्या एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असते. ते ३ मिलिमीटरने वाढले असेल तर चेन संपली आहे. अशा वेळी फ्रीव्हीलचे दातेही आकड्यासारखे वाकडे झिजलेले असतील, तर केवळ नवी चेन टाकून भागत नाही. ती जोर दिल्यावर दात्यांवरून उडी मारते.

नवी सायकल जशी आली तशी चालवणे

स्वस्त सायकलची जुळणी बऱ्याचदा घाईत झालेली असते. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा खट् असा आवाज येत असेल, तर प्रथम क्रँकचा बोल्ट आवळावा, कारण सैल क्रँक तशीच रेटली की तिचे चौकोनी भोक मोठे होते आणि मग ती बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते पॅडल जबरदस्तीने सरळ दिशेने आवळल्यास क्रँकच खराब होते. चाकांचा आउट (फिरताना होणारी डगमग) काढून घ्यावा व पहिल्या काही दिवसांनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. अशा सायकलींच्या मागच्या चाकाला बहुधा १५ मिलिमीटरचे नट असतात, म्हणून त्या मापाचा पाना, दोन टायर लिव्हर आणि एक ट्यूब बॅगेत ठेवावी.