किनाऱ्यावर मुलांना नेण्याआधी

मी मूळची बीडकडची. नेमणूक मिळाली सिंधुदुर्गात, किनाऱ्यालगतच्या दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. परिसर अभ्यास शिकवायचा, आणि परिसर म्हणजे समुद्र. तो मी त्याआधी एकदाच पाहिला होता, सहलीत. तुमच्यापैकी कुणी यंदा असंच घाट उतरून आलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

सेवेतून शिक्षण म्हणजे काय, हे प्रशिक्षणात ऐकलेलंच असतं. गावाची गरज ओळखायची, ती पाठाशी जोडायची, काम झालं की मुलांना त्यावर बोलतं करायचं. मी पहिली पायरी गाळली. गरज मीच ठरवली.

जानेवारीत तिसरी-चौथीला घेऊन किनारा साफ करायला गेले. ‘नुसती वाळू दिसली पाहिजे,’ असं सांगितलं. मुलांनी बाटल्या, चपला, थर्माकोल, जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे गोळा केले. एका मुलीने वाळूवर पसरलेली वेल धरून विचारलं, ‘बाई, ही पण?’ मी म्हटलं, ‘हो, ती पण.’ जाड पानं, आपट्याच्या पानासारखी दुभागलेली, अधूनमधून जांभळी फुलं. प्रत्येक पेऱ्याला मुळं होती आणि मुळांना ओल्या वाळूचे गोळे लटकत होते. तेवढं बघूनही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यालगतच्या घरातल्या आजी शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या. ‘बाई, ती मर्यादवेल. ती गेली काय रेवय गेली.’ रेव म्हणजे वाळू. एप्रिल-मेच्या वाऱ्यात वाळू उडून थेट त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊ लागली. समुद्राची मर्यादा सांगणारी वेल. नावातच सगळं होतं, फक्त विचारायला हवं होतं.

हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे अडकतात. कचरा कोणता हे तुम्ही ठरवू नका. वाळलेलं शेवाळ, केवड्याची जाळी, लाकडाचा ओंडका, पसरून ठेवलेलं जुनं जाळं, यातलं बरंच काही कुणाच्या तरी उपयोगाचं असतं. आणि मूल विचारत असेल, ‘ही पण?’, तर थांबा. त्या मुलीला माहीत होतं. माझ्या शब्दाखातर तिने ती वेल उपटली. याची बोच अजून गेलेली नाही.

म्हणून पहिला महिना कामच करू नका. मुलांना रापणकरांकडे (किनाऱ्यावरून मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढणाऱ्यांकडे), मासे विकणाऱ्या बायकांकडे, आजी-आजोबांकडे पाठवा. प्रश्न एकच: किनाऱ्यावर पूर्वी काय होतं आणि आता काय नाही? माझ्या मते रापण ओढलेल्या माणसाइतका चांगला मार्गदर्शक मिळत नाही. छापील उपक्रम पुस्तिका, बॅनर, टोप्या यांच्या मागे लागू नका. त्यात दिवस जातो, फोटो मिळतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही.

भरती-ओहोटीचं गणितही रापणकरांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन वाजता भरती. ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास. म्हणून तृतीया ते पंचमी या सकाळी लहान मुलांसाठी सोयीच्या. चौथीची मुलं महिनाभर कालनिर्णय आणि किनारा दोन्ही बघून हे पडताळतात. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, इतकी पक्की मी फळ्यावर कधीच करून घेऊ शकले नव्हते.

आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी येतो. आपल्याकडे तेव्हा समुद्र अजून खवळलेला असू शकतो. पत्रक आलं म्हणून लहानांना पाण्याजवळ नेऊ नका. तारीख चुकली तर चुकू द्या. काच आणि सुया मोठ्यांनीच उचलायच्या, आणि गोळा केलेली पोती कोण, कधी नेणार हे ग्रामपंचायतीशी आधी बोलून ठेवा.

हातून चूक झालीच, तर ती मुलांपासून लपवू नका. मी वर्गात सांगितलं की वेल उपटायला मी सांगितलं होतं, आणि मला ठाऊक नव्हतं. मुलं रागावली नाहीत. ‘मग परत लावूया,’ म्हणाली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकांना सोबत घेऊन भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर हातभर लांबीच्या कांड्या लावल्या, दोन-दोन पेरं वाळूत पुरून. जागा आजींनी दाखवली. काही कांड्या वाहून गेल्या, उरलेल्या धरल्या.

आता मुलं दर पंधरवड्याला सुतळीने वेलीची लांबी मोजतात. खळ्यात अजून वाळू येते. आजी ती झाडतात आणि किती सुपं भरली, ते मुलांच्या वहीत लिहायला सांगतात.