हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची घरची शुश्रूषा : या चुका टाळा

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जमत नाही आणि अंगात पाणी साठू लागते, असा हा वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे. कॉर्बिन आणि स्ट्रॉस या संशोधकांनी १९९१ मध्ये परिचारिकांसाठी मांडलेल्या आराखड्यात दीर्घ आजाराचे स्थिर, अस्थिर, तीव्र, उतरणीचा असे टप्पे सांगितले आहेत. घरी होणाऱ्या बहुतेक चुका मागच्या टप्प्याची शिस्त पुढच्या टप्प्यातही तशीच चालू ठेवल्याने होतात.

रुग्णाला बरे वाटू लागले की पहिला अडगळीत जातो तो वजनकाटा. वास्तविक रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी केलेले वजन दोन-तीन दिवसांत २ किलोने वाढले, तर ते खाण्याचे नसून पाण्याचे असते. एका उशीवर झोपणारे आजोबा आडवे झाल्यावर धाप लागते म्हणून तीन उशा मागू लागले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. नडगीवर अंगठा दाबून धरावा आणि खळगा राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

रात्री सारखे उठावे लागते म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद केली जाते. खरे तर ती सकाळी घेता येईल का, एवढेच डॉक्टरांना विचारायचे असते. उलट जुलाब-उलट्या सुरू असताना हीच गोळी न विचारता चालू ठेवणेही धोक्याचे ठरते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी धरते. मीठ कमी केले म्हणणाऱ्या घरातही पानात पापड-लोणचे असतेच. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते आणि या आजाराच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात घातक प्रमाणात वाढू शकते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

रुग्णालयातून परतल्यावर माणसाला महिनाभर पलंगावरून हलू न देणे ही मायेपोटी होणारी चूक आहे. डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे रोज थोडे चालणे वाढवत न्यावे.

उतरणीच्या टप्प्यात मात्र नियमांचा काच सैल करावा लागतो, आणि माझ्या मते नातेवाइकांना सर्वांत जड जाते ते हेच. उपशामक, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या, उपचारांचा सल्ला अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये, कारण अल्प मात्रेतील मॉर्फिनने काही रुग्णांची धाप कमी होऊ शकते. घोटभर मिठाच्या आमटीसाठी तेव्हा भांडत बसू नये.